फोटो अर्धेच सांगतो

सोनपेठ तालुक्यातल्या एका ओळखीच्या घरी ओसरीवर बसलो होतो. सोयाबीनची रास घरात येऊन पडली होती आणि माणसे जरा निवांत होती. समोरच्या भिंतीवर तीन फोटो. मधल्या फोटोला हार. तो घरच्या थोरल्या मालकांचा. हयातीत त्यांनी हौसेने म्हणून कधी फोटो काढून घेतला नाही. ते वारले तेव्हा बँकेच्या पासबुकावरचा फोटो सोडवून नेला आणि स्टुडिओत मोठा करून आणला. निरखून पाहिले तर खांद्यावर शिक्क्याची अर्धी गोल कड अजून दिसते.

त्याच्या एका हाताला पंढरीचा विठोबा. दुसऱ्या हाताला एक जुना काळापांढरा फोटो, कडा पिवळ्या पडलेल्या. त्यात दोन तरुण बाया स्टुलावर ताठ बसल्या आहेत. डोक्यावर पदर, हात गुडघ्यांवर, डोळे मोठे केलेले. मागच्या पडद्यावर विमान रंगवलेले. त्यांतली एक त्या घरची आजी. दुसरी कोण, म्हणून विचारले.

मुलगा म्हणाला, "मावशी असंल कुणी."

सून म्हणाली, "मला वाटतं चुलत आत्या."

नातू म्हणाला, "आपल्याला काय म्हाईत."

आजी मागच्या परसात उडीद पाखडत होती. तिला विचारावे, असे त्या घरात इतक्या वर्षांत कोणाला सुचले नव्हते.

आजीने काय सांगितले ते शेवटी येईल. त्या फोटोवरून दुसरे काही फोटो आठवले, ते आधी सांगतो.

जत्रेतला आणि रस्त्यावरचा

पूर्वी जत्रेत फोटोवाला येत असे. तीन पायांच्या घोडीवर पेटीसारखा कॅमेरा, त्यावर काळे कापड. कापडात डोके खुपसून तो म्हणायचा, "हलू नका." मागे पडदा असायचा. पडद्यावर कधी विमान, कधी ताजमहाल, कधी गुलाबाचा बाग. ज्याने आयुष्यात रेल्वे धड पाहिली नाही, तोही त्या पडद्यापुढे विमानाचा उतारू व्हायचा. हा फोटोवाला पैसे देणाऱ्याचा फोटो काढी, आणि पैसे देणाऱ्याला जसे दिसावेसे वाटे तसा काढी. त्यात वाईट काही नव्हते. कष्टाच्या दिवसांतली तेवढीच हौस.

दुसऱ्या जातीचा फोटोवाला रस्त्यावरचा. तो पडदा लावत नाही, बसा-उठा म्हणत नाही. माणूस काम करीत असेल, चालत असेल, झाडाखाली भाकरी खात असेल, तसाच त्याला टिपतो. आपल्या भागात दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रकवर पेंढा, भांडी, कोंबड्या, लेकरे आणि वर बसलेल्या बाया. त्यांचे फोटो काढायला शहरातली माणसे येतात. फोटो छापून येतात. खाली लिहिलेले असते, 'ऊसतोड मजूर'. त्यातल्या बाईला तो फोटो क्वचितच दिसतो. नाव तर नसतेच. मुकादमाच्या वहीतसुद्धा नवरा-बायको मिळून 'एक कोयता' असतो.

रस्त्यावर फोटो काढणाऱ्याने त्या माणसाला काही विचारावे की नाही? आणि विचारले, तर काय हाती लागते? याचे उत्तर शोधताना एका माणसाचे फोटो डोळ्यांपुढे येतात. पी. साईनाथ हे त्यांचे नाव.

साईनाथ धंद्याने बातमीदार. जन्म १९५७ साली मद्रासला, पण कामाची वर्षे मुंबईत गेली. १९९३ साली मुंबईतली साप्ताहिकाची नोकरी सोडून ते देशातल्या सर्वांत गरीब जिल्ह्यांत हिंडायला निघाले. एस.टी., ट्रक, बैलगाडी, होडी, मिळेल ते वाहन. वाहन नाही तिथे पायी. पायीच ते काही हजार किलोमीटर चालले. त्या हिंडण्यातून झालेले पुस्तक १९९६ साली निघाले. मराठीत ते 'दुष्काळ आवडे सर्वांना' या नावाने आले आहे. २००७ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

लिहिता लिहिता ते फोटोही काढीत. १९९३ ते २००२ या दहा वर्षांत, दहा राज्यांत काढलेल्या फोटोंतून त्यांनी राबणाऱ्या बायांचे एक प्रदर्शन केले. काम डोळ्यांना दिसते, पण करणारी बाई दिसत नाही, असा त्या प्रदर्शनाच्या नावाचा अर्थ. हे फोटो त्यांनी शहरातल्या मोठ्या दालनांपुरते ठेवले नाहीत. बसस्थानके, कारखाने, शेतमजुरांचे मेळावे, महाविद्यालये अशा ठिकाणी ते मांडले गेले. ज्यांचे फोटो होते, तशाच बाया ते पाहायला आल्या.

त्यांतले काही फोटो आणि त्यांच्यामागच्या हकिकती पाहू.

एक उभा, नऊ वाकलेल्या

पहिला फोटो आंध्र प्रदेशातल्या विजयनगरम जिल्ह्यातला. शेतात मालक उभा आहे. ताठ, ऐटीत. फोटो काढायचा म्हटल्यावर त्याला आनंद झाला. त्याच्या मागे नऊ बाया ओळीने कामाला लागलेल्या. नऊच्या नऊ कमरेत दुमडून वाकलेल्या. एकीचेही तोंड नीट दिसत नाही.

नुसता फोटो पाहिला तर वाटेल, चांगले पिकाऊ रान आहे, मालकही भला दिसतो. साईनाथांनी मालकाला मजुरी विचारली. तो म्हणाला, दिवसाला ४० रुपये देतो. मग त्यांनी बायांना विचारले. बाया म्हणाल्या, २५ रुपये मिळतात. त्या बाया त्या गावच्याही नव्हत्या. शेजारच्या ओडिशातल्या रायगडा भागातून पोटासाठी आलेल्या भूमिहीन मजूर होत्या.

पंधरा रुपयांचा हा फरक कॅमेऱ्यात कसा दिसणार? तो विचारल्यावरच कळला. तोही दोघांना वेगवेगळे विचारल्यावर.

आपल्या रानात याहून वेगळे चित्र आहे का? खुरपण बाईची, कापसाची वेचणी बाईची, सोयाबीन काढायला बाई, भाजीपाला बाजारात न्यायला बाई. पेरणीच्या दिवशी तिफणीवर पुरुष असतो आणि नारळ त्याच्या हातून फुटतो. त्यानंतर पीक घरात येईपर्यंत वाकायचे काम बहुतेक बाईचे. वाकून खुरपायचे, वाकून वेचायचे, घरी आले की वाकून झाडायचे, वाकून चूल पेटवायची. साईनाथांच्या फोटोंत हे वाकणे पुन्हा पुन्हा दिसते. पंचावन्नाव्या वर्षी बाईची कंबर का धरते, हे त्या फोटोंपुढे उभे राहिले की डॉक्टरला विचारावे लागत नाही.

इतके राबून सातबारावर नाव मात्र बाईचे नसते. १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेने 'लक्ष्मी मुक्ती' नावाची मोहीम काढली. घरच्या लक्ष्मीच्या नावे थोडी तरी जमीन करून द्या, असे शरद जोशी गावोगाव सांगत फिरले. काही गावांतल्या नवऱ्यांनी तसे केलेही. तेवढ्यापुरते तरी बाईचे नाव कागदावर आले.

भट्टीवरची उतरंड

दुसरा फोटो वीटभट्टीवरचा. मुलुख पुन्हा आंध्राचाच आणि मजूर पुन्हा ओडिशाचे. लाकडी फळीवरून बाया ओळीने चढत आहेत. डोक्यावर विटांची चळत, पाय अनवाणी. लांबून पाहिले तर ती ओळ एखाद्या दिंडीसारखी सुरेख दिसते.

मागची हकिकत अशी. त्या दिवशी बाहेरचे ऊन ४९ अंशांचे होते. भट्टीजवळ त्याहून जास्त. डोक्यावरच्या विटा गरम होत्या. बाईला दिवसाची मजुरी १० ते १२ रुपये, आणि पुरुषाला १५ ते २०. पुरुषाची मजुरी काही सुखाची नव्हे. पण बाईला त्याहूनही कमी, आणि भट्टीच्या अगदी जवळचे काम बहुतेक बाईकडे.

फोटोत ऊन दिसते, पण किती अंशांचे ते दिसत नाही. वीट दिसते, पण ती गरम आहे की गार ते दिसत नाही. ते जवळ जाऊन, थांबून, विचारून घ्यावे लागते.

सायकलीचे दोन फोटो

सायकल आपल्या घरातली वस्तू. साईनाथांच्या हिंडण्यातल्या दोन सायकलींची गोष्ट सांगतो.

एक सायकल गोड्डा जिल्ह्यातली. तेव्हा तो जिल्हा बिहारात होता, आता झारखंडात आहे. तिथे कोळशाच्या मोठ्या खाणी आहेत. खाणीचा टाकाऊ कोळसा गोळा करून माणसे सायकलीवर लादतात आणि कित्येक कोस ढकलत बाजारात नेतात. सायकलीवर बसायला जागाच नसते. एका सायकलीवर अडीचशे किलोपर्यंत ओझे. म्हणजे सोयाबीनची दोन-अडीच क्विंटल पोती एकाच सायकलीवर लादून चढण चढायची. इतके करून साऱ्या खटपटीची कमाई तेव्हा दिवसाला दहा रुपयांच्या आसपास पडे. फोटो पाहणारा म्हणतो, "काय ताकद आहे माणसाची!" कमाई कळली की तोंडातला शब्द तोंडातच राहतो.

दुसरी सायकल तामिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यातली. तिथे १९९१ च्या सुमारास साक्षरतेची मोठी मोहीम चालली होती. शीला राणी चुंकत या बाई तिथे कलेक्टर होत्या. बायांना अक्षरओळखीबरोबर सायकलही शिकवायची, असे ठरले. बघता बघता जिल्ह्यातल्या लाखभर बाया सायकल शिकल्या. त्यात शेतमजूर होत्या, खाणीवर दगड फोडणाऱ्या होत्या, गावातल्या परिचारिका होत्या. गावातले पुरुष आधी हसले, मग टोमणे मारू लागले. बाया थांबल्या नाहीत. बायकांच्या सायकली दुकानांत पुरेनात, तेव्हा त्यांनी दांड्याच्या पुरुषी सायकली घेतल्या. काही जणींना त्याच जास्त पसंत पडल्या, कारण दांड्यावर लेकरू बसवता येते.

सायकल आल्याने काय झाले? पाण्याचे हंडे सायकलीवर आले. माल घेऊन बाई स्वतः बाजारात जाऊ लागली. एस.टी.ची वाट पाहण्यात जाणारा वेळ वाचला, आणि कोणी नेऊन सोडावे म्हणून घरातल्या पुरुषाची मनधरणी करायची गरज उरली नाही. आज सोनपेठच्या रस्त्यावर गणवेशातल्या मुली सायकलीवरून शाळेला जाताना दिसतात. त्यांच्या आज्यांना कोणी सायकलीला हात तरी लावू दिला होता का, हे त्यांनी घरी जरूर विचारावे.

नाव न विचारलेली आई

आता उलट बाजू पाहू. फोटो काढला पण माणसाला नीट विचारले नाही, तर काय होते? याचे उदाहरण दूर अमेरिकेतले आहे, पण गोष्ट शेतमजुराचीच आहे.

१९३० च्या दशकात अमेरिकेतही मोठी मंदी होती आणि काही भागांत दुष्काळ पडला होता. हजारो शेतकरी कुटुंबे घरदार सोडून, मोडक्या मोटारींत सामान भरून, कामाच्या शोधात कॅलिफोर्नियाकडे चालली होती. आपल्या ऊसतोडीच्या टोळ्यांसारखीच. सरकारने काही फोटोवाल्यांना त्यांचे फोटो काढायला नेमले होते. त्यांत डोरोथिया लँग नावाच्या बाई होत्या.

१९३६ च्या मार्च महिन्यात लँग काम संपवून मोटारीने घरी चालल्या होत्या. निपोमो गावाजवळ वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळाची पाटी दिसली. त्या न थांबता वीसेक मैल पुढे गेल्या. मन लागेना. गाडी वळवून परत आल्या. थंडीने वाटाण्याचे पीक गेले होते आणि मजूर कामाविना अडकून पडले होते. एका फाटक्या राहुटीत एक आई लेकरांना घेऊन बसली होती. लँग यांनी तिचे काही फोटो काढले. साऱ्याला दहा मिनिटे लागली असतील. त्यांनी तिचे वय विचारले, ३२. नाव विचारले नाही.

त्यांतला एक फोटो जगभर गेला. दोन लेकरांनी आईच्या खांद्यावर तोंड लपवले आहे, तिसरे मांडीवर आहे, आणि आईचा हात गालाला लागलेला, नजर कुठे तरी दूर. वर्तमानपत्रात बातमी येताच सरकारने त्या तळावर वीस हजार पौंड, म्हणजे सुमारे नऊ टन धान्यसामग्री पाठवली. तोवर ती आई लेकरांना घेऊन पुढच्या कामाला निघून गेली होती. तिच्या वाट्याला त्यातले काही आले नाही.

पुढे चाळीस-बेचाळीस वर्षे तो फोटो पुस्तकांत, भिंतींवर फिरत राहिला आणि ती बाई निनावीच राहिली. १९७८ साली एका बातमीदाराने तिला शोधून काढले. तिचे नाव फ्लॉरेन्स थॉम्पसन. मूळच्या आदिवासी चेरोकी जमातीतल्या. त्या म्हणाल्या की, तो फोटो काढला नसता तर बरे झाले असते. त्यातून आपल्याला एक पैसा मिळाला नाही, नावही कोणी विचारले नाही, प्रत पाठवते म्हणाली तीही आली नाही. लँग यांनी टिपणात लिहून ठेवले होते की, पोटासाठी या लोकांनी मोटारीचे टायर विकले. घरच्यांनी सांगितले, असे झालेच नव्हते.

लँग वाईट बाई नव्हत्या. त्या परत वळल्या म्हणून तळावरच्या कित्येकांच्या तोंडी घास पडला. फोटो सरकारी असल्याने त्यांनाही त्याचे वेगळे पैसे मिळाले नाहीत. पण दहा मिनिटांची अकरा मिनिटे केली असती, तर एका आईचे नाव बेचाळीस वर्षे हरवले नसते.

सांगली जिल्ह्यातली तीन माणसे

पुन्हा साईनाथांकडे येऊ. २०१४ साली त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी 'पारी' नावाचा संग्रह इंटरनेटवर सुरू केला. खेड्यापाड्यांतल्या माणसांच्या हकिकती आणि फोटो त्यात असतात. पुष्कळसा मजकूर मराठीतही आहे. मोबाईलवर फुकट पाहता येतो. त्या कामात ते सांगली जिल्ह्यात हिंडले आणि स्वातंत्र्याच्या लढ्यातली हयात माणसे त्यांनी गाठली. तिथल्या तीन माणसांचे फोटो आपण सर्वांनी पाहावेत असे आहेत.

हौसाबाई पाटील. फोटोत दिसते ती आपल्या कोणाच्याही घरातली म्हातारी आजी. सुरकुत्या, डोक्यावर पदर. या क्रांतिसिंह नाना पाटलांच्या कन्या. १९४३ साली, सतरा वर्षांच्या असताना, भवानीनगरच्या पोलीस ठाण्यापुढे त्यांनी भांडणाचे सोंग केले. एक सोबती नवरा झाला. तो त्यांना मारू लागला, मोठा दगड उचलून जीवच घेतो म्हणू लागला. बाईचा आरडाओरडा ऐकून पोलीस सोडवायला धावले. तेवढ्यात बाकीच्या सोबत्यांनी ठाण्यातली हत्यारे पळवली. सोंग खरे वाटावे म्हणून मार मात्र खराच खावा लागला.

कॅप्टन भाऊ, म्हणजे रामचंद्र लाड. कुंडलचे. प्रतिसरकारच्या तुफान सेनेतले. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ त्यांनी आणि जी. डी. बापू लाडांनी सोबत्यांसह इंग्रज सरकारच्या पगाराची रक्कम नेणारी रेल्वे अडवली आणि तो पैसा गोरगरिबांसाठी आणला. नव्वदी ओलांडल्यावरही ते बारीकसारीक तपशील सांगत. कोणी 'लुटली' म्हटले की त्यांना खपत नसे. इंग्रजांनी आमच्या माणसांचे चोरले होते, ते आम्ही परत आणले, असे ते ठणकावून सांगत.

गणपती यादव. कडेगाव तालुक्यातल्या रामापूरचे शेतकरी. भूमिगतांना निरोप आणि भाकरी पोचवणारे. आधी पायी, पुढे सायकलीवर. फोटोत ते सायकलीसह आहेत आणि वय नव्वदीच्या पार पुढे. त्या वयातही ते रोज सायकल चालवीत. रस्त्याने जाताना कोणी त्यांना पाहिले असते, तर 'एक म्हातारा सायकलीवर चालला आहे' एवढेच म्हटले असते.

गणपती यादव आणि हौसाबाई २०२१ साली गेले. कॅप्टन भाऊ फेब्रुवारी २०२२ मध्ये, ९९ वर्षांचे होऊन गेले. काही वर्षे आधी कोणी त्यांच्या ओसरीवर बसून विचारले, म्हणून हे सारे त्यांच्याच तोंडून फोटोखाली लिहिले गेले. उशीर झाला असता, तर फोटोत फक्त तीन म्हातारी माणसे उरली असती.

आपल्या घरी काय करता येईल

वाचकहो, आपल्या भागात अशी माणसे कमी नाहीत. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाच्या राजवटीतून सुटला. रझाकारांच्या धास्तीने रात्री रानात काढलेली तेव्हाची लेकरे आज पंचाऐंशीच्या पुढे आहेत. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेल्या, सुकडी खाल्लेल्या बाया सत्तर-पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. त्यांच्या गोष्टी विचारायला कोणी साईनाथ प्रत्येक गावी येणार नाहीत. ते काम घरच्यांचेच आहे.

आज प्रत्येक घरात मोबाईल आहे. रोज फोटो निघतात. त्यातले थोडे कष्ट असे घ्या.

घरातले जुने फोटो एके दिवशी भिंतीवरून आणि पेटीतून काढा. म्हाताऱ्या माणसाला उजेडात बसवा आणि एकेक फोटो हातात द्या. हे कोण? कुठे काढला? कोणत्या साली? त्या दिवशी काय होते? साल आठवत नसेल तर दुष्काळ, लग्न, मोठा पूर, लेकराचा जन्म यांवरून काढा. बोलणे मोबाईलवर भरून ठेवा.

नावे फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहा. बॉलपेनाने लिहू नका. त्याचे वळ पुढच्या बाजूला उमटतात. फोटोवर चिकटपट्टी लावू नका, प्लॅस्टिकमध्ये तापवून बंद करून घेऊ नका. ओल येणाऱ्या भिंतीवर, थेट उन्हात किंवा दिव्याच्या धुराजवळ फोटो टांगू नका. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका. काचेसकट सावलीत ठेवून मोबाईलने त्याचा फोटो घ्या, आणि लखलखाट करणारा दिवा बंद ठेवा.

आणि रस्त्यावर, रानात, फडात कोणी आपला फोटो काढायला आले तर लाजू नका, रागावूही नका. एवढेच म्हणा, "आमचं नाव लिहून घ्या, आणि एक प्रत पाठवा." प्रामाणिक माणूस असेल तर लिहून घेईल.

ती दुसरी बाई

आता त्या ओसरीवरच्या फोटोकडे येऊ.

नातू उठला, परसात गेला आणि आजीला हाताला धरून घेऊन आला. फोटो खुंटीवरून काढून तिच्या हातात दिला. तिने पदराने काच पुसली. बराच वेळ बघत राहिली.

"ही व्हय? ही माझी कुणी न्हाई," ती म्हणाली.

मग तिने सांगितले. बहात्तरच्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर दोघी एका जागी खडी फोडीत. ती बाई दुसऱ्या गावची. हिच्या अंगावर पिते लेकरू होते. लेकरू रडले की ती म्हणायची, तू पाज, तुझ्या वाटची मी फोडते. मुकादमाने ढीग मोजायच्या आत ती दोन्ही ढीग सारखे करायची. पुढच्या साली पाऊस पडला, काम मोडले, आणि जो तो आपापल्या गावी निघाला. जायच्या आधी दोघी जत्रेला गेल्या, पैसे अर्धे-अर्धे घातले आणि फोटो काढला. दोन प्रतींना पैसे पुरले नाहीत. ती म्हणाली, "तूच ठेव. तुझं लेकरू मोठं झालं की त्याला दाव."

"मंग दावला का?" नातवाने विचारले.

आजी काही बोलली नाही. तिने मुलाकडे पाहिले. अंगावर पिणारे लेकरू म्हणजे तोच, आता पन्नाशी ओलांडलेला. तो फोटोकडे बघत उभा होता. ज्या बाईला तो मावशी म्हणाला होता, तिने त्याच्यासाठी खडी फोडली होती, आणि हे त्याला आज कळत होते.

नातवाने दप्तरातली पेन्सिल आणली. फोटो हळूच चौकटीतून काढला आणि आजीने सांगितली तशी दोघींची नावे, गावे आणि साल मागे लिहिले. ती नावे इथे देत नाही, ती त्या घरची आहेत. लिहून झाल्यावर आजीने फोटो उलटा करून त्या अक्षरांवरून बोट फिरवले. तिला वाचता येत नव्हते.

"वाच," ती म्हणाली.

नातवाने मोठ्याने वाचले.